सेटलमेंट हाउस सरकारी पैशावर कसं चालवायचं: न्यू यॉर्क शहरातल्या संस्थांसाठी

सेटलमेंट हाउस म्हणजे वस्तीतल्या सगळ्या वयांच्या लोकांना एकाच छताखाली सेवा देणारं केंद्र. तिथे एकाच घरातली चार माणसं चार कामांसाठी येतात. आजी दुपारच्या जेवणाला, आई इंग्रजीच्या वर्गाला, थोरला उन्हाळी नोकरीचा अर्ज भरायला आणि धाकटी प्री-केला, म्हणजे बालवर्गाला. सरकार मात्र कुटुंबाला पैसे देत नाही, कार्यक्रमाला देतं. आजीच्या ताटाचे पैसे एका खात्याकडून येतात, धाकटीच्या वर्गाचे दुसऱ्याकडून, थोरल्याचे तिसऱ्याकडून. या चौघांना दारातच ‘कुठं जायचं’ ते सांगणाऱ्या ताईंचा पगार बहुतेक वेळा कोणाच्याच यादीत नसतो. म्हणून काँट्रॅक्ट मिळालं की निम्मंच काम झालं असं समजा. अशा तुकड्यांतून अख्खं केंद्र उभं ठेवायचं आणि पैसे हातात पडेपर्यंत तग धरायचा, हे उरलेलं निम्मं. संस्था अडखळतात त्या बहुधा इथेच.

ही केंद्रं देणग्यांवर सुरू झाली. लंडनचं टॉयन्बी हॉल १८८४ मधलं. त्याच धर्तीवर १८८६ मध्ये न्यू यॉर्कच्या लोअर ईस्ट साइडला युनिव्हर्सिटी सेटलमेंट निघालं, ते अमेरिकेतलं पहिलं. लिलियन वाल्ड यांचं हेन्री स्ट्रीट १८९३ मधलं. आज शहरातल्या मोठ्या केंद्रांचा गाडा मुख्यतः सरकारी काँट्रॅक्टांवर चालतो. या केंद्रांची शिखर संघटना म्हणजे युनायटेड नेबरहुड हाउसेस, स्थापना १९१९. तुमची संस्था तिची सदस्य नसेल तर सदस्यत्वाची चौकशी आधी करा. बजेटच्या वाटाघाटींची बातमी तिथे लवकर कळते.

आधी कागद, मग अर्ज

क्रम असा: राज्यात संस्थेची नोंदणी, आयआरएस या संघराज्याच्या कर खात्याकडून ईआयएन हा संस्थेचा कर क्रमांक, ५०१(सी)(३) चं करमुक्तीपत्र, आणि राज्याच्या ॲटर्नी जनरलकडच्या चॅरिटीज ब्युरोत नोंद. त्यानंतर शहराच्या ‘पासपोर्ट’ या खरेदी पोर्टलवर खातं उघडा, संस्थेची आणि पदाधिकाऱ्यांची माहिती भरा आणि मानवी सेवांसाठीची पूर्वपात्रता मिळवा. ती नसेल तर मानवी सेवांच्या आरएफपीला, म्हणजे प्रस्ताव मागवणाऱ्या जाहिरातीला, प्रस्तावच देता येत नाही. राज्याच्या अनुदानांसाठी एसएफएस या प्रणालीत वेगळी पूर्वपात्रता लागते. संघराज्य सरकारच्या थेट अनुदानासाठी सॅम डॉट गव्ह या पोर्टलवर नोंदणी आणि १२ अक्षर-अंकांचा यूईआय हा ओळखक्रमांक लागतो. सॅमची नोंदणी दर वर्षी नव्याने करावी लागते, आणि ती नेमकी अर्जाच्या आठवड्यात संपलेली आढळते. कॅलेंडरमध्ये दोन महिने आधीची खूण करून ठेवा.

सगळ्यात जास्त वेळ खातो तो नावातला फरक. आयआरएसच्या पत्रात ‘इन्क.’ आहे, चॅरिटीज ब्युरोत नाही, विम्याच्या सर्टिफिकेटवर जुना पत्ता आहे, सॅमवर स्वल्पविराम राहिला आहे. माणसाला ही एकच संस्था दिसते, पण पडताळणीत त्या दोन ठरतात आणि फाइल थांबते. नोंदणीपत्रावरचं नाव जसंच्या तसं एका फाइलमध्ये ठेवा आणि प्रत्येक ठिकाणी तिथूनच उचलून चिकटवा. विम्याच्या बाबतीत शहराचं नाव ‘ॲडिशनल इन्शुअर्ड’, म्हणजे तुमच्या पॉलिसीचं संरक्षण मिळणारा जादा पक्ष, म्हणून घातलेलं हवं. एजंट हे विसरतात, म्हणून सर्टिफिकेट हातात आल्यावर स्वतः वाचा.

वार्षिक फाइलिंगमध्ये हयगय नको. चॅरिटीज ब्युरोचा CHAR500 हा वार्षिक फॉर्म राहिला की शहराची पूर्वपात्रताही अडकते. वर्षाचं उत्पन्न अडीच लाख डॉलरच्या वर गेलं की त्यासोबत सीपीएचा, म्हणजे परवानाधारक हिशेबतपासनिसाचा, रिव्ह्यू रिपोर्ट लागतो, आणि १० लाखांच्या वर गेलं की पूर्ण ऑडिट. आयआरएसचा ९९० हा वार्षिक फॉर्म सलग तीन वर्षं भरला नाही तर करमुक्ती आपोआप रद्द होते.

कोणाकडे काय मागायचं

तीन सरकारांची तीन वर्षं आहेत. शहराचं १ जुलै ते ३० जून, राज्याचं १ एप्रिल ते ३१ मार्च, संघराज्याचं १ ऑक्टोबर ते ३० सप्टेंबर. तुमचं हिशेबाचं वर्ष जुलै-जूनच ठेवा, कारण मोठा वाटा शहराचाच असणार.

शहरात युवकांचं खातं डीवायसीडी. प्राथमिक शाळेच्या मुलांसाठी कंपास, मिडल स्कूलसाठी सॉनिक, शाळांच्या इमारतीत चालणारी बीकन केंद्रं, सार्वजनिक गृहवसाहतींतली कॉर्नरस्टोन केंद्रं, आणि १४ ते २४ वयोगटासाठी उन्हाळी रोजगार, हे सगळं त्यांच्याकडे. ज्येष्ठांची केंद्रं एनवायसी एजिंगकडे. थ्री-के (तीन वर्षांच्या मुलांचे वर्ग) आणि प्री-के शहराच्या शाळा खात्याकडे. राज्यात बालक व कुटुंब सेवांचं कार्यालय, म्हणजे ओसीएफएस, सेटलमेंट हाउसांसाठीच वेगळा निधी देतं. रक्कम मोठी नसते, पण तो एकाच कार्यक्रमाला बांधलेला नसल्यामुळे दारातल्या त्या ताईंचा पगार त्यातून निघू शकतो. आमच्या मते मिळालेल्या डॉलरमागे सगळ्यात जास्त उपयोगी पैसा हाच, आणि दर वर्षी राज्याच्या बजेटमध्ये तो टिकवण्यासाठी भांडणं योग्यच आहे.

संघराज्याच्या पैशात हेड स्टार्टचा, म्हणजे गरीब कुटुंबांतल्या लहान मुलांसाठीच्या कार्यक्रमाचा, हिशेब नीट समजून घ्या. एकूण खर्चाच्या ८० टक्के सरकार देतं, २० टक्के तुमचे. ८ लाख डॉलरचं अनुदान असेल तर बरेच जण ८ लाखांचे २० टक्के म्हणून १,६०,००० लिहितात. ते चूक. एकूण खर्च १० लाख, म्हणजे तुमचा वाटा २ लाख. हा ४०,००० चा खड्डा वर्षअखेरीला लक्षात आला तर अनुदानातले पैसे परत करण्याची वेळ येऊ शकते. हा वाटा रोखच असायला हवा असं नाही. स्वयंसेवकांचे तास आणि फुकट मिळालेली जागा त्यात धरता येते, पण पुरावा हवा. वर्गात मदत करणाऱ्या पालकांकडून त्याच दिवशी सही घ्या: तारीख, आल्याची-गेल्याची वेळ, काय काम केलं. महिनाअखेरीला आठवून भरलेला तक्ता ऑडिटर बाजूला ठेवतो.

मुलांच्या जेवणासाठी संघराज्याचा सीएसीएफपी. न्यू यॉर्कमध्ये हा कार्यक्रम राज्याचं आरोग्य खातं चालवतं आणि पैसे ताटामागे मिळतात. डे केअरमध्ये एका मुलामागे दिवसाला जास्तीत जास्त दोन जेवणं आणि एक खाऊ, किंवा एक जेवण आणि दोन खाऊ. नोंद ताट समोर ठेवतानाच करायची. हजेरीपटावरून नंतर ताटं मोजणं हा इथला सर्रास आढळणारा दोष आहे, आणि त्यावरून मागणी नाकारली जाते.

सीडीबीजी म्हणजे वस्तीविकासासाठीचं संघराज्याचं अनुदान. त्याचा पैसा सेवांवर खर्च करायला १५ टक्क्यांची मर्यादा आहे, म्हणून तिथे कायम ओढाताण असते. केंद्राच्या इमारतीची दुरुस्ती किंवा नूतनीकरण या मर्यादेत येत नाही. छप्पर गळत असेल तर हा रस्ता जरूर बघा. मात्र २,००० डॉलरच्या वरच्या बांधकामाला डेव्हिस-बेकन कायद्याची, म्हणजे त्या भागातली प्रचलित, मजुरी लागू होते. कंत्राटदाराचा अंदाज घेण्याआधीच त्याला ते सांगा, नाहीतर आलेला आकडा फुकट जातो.

सिटी कौन्सिलचा डिस्क्रिशनरी निधी

नव्या किंवा छोट्या संस्थेला शहराच्या पैशात शिरायचा सोपा दरवाजा हा. कौन्सिलचे ५१ सदस्य आपापल्या वाट्यातून संस्थांना रक्कम देतात, शिवाय कौन्सिलचे एकत्रित उपक्रम असतात. अर्ज हिवाळ्यात उघडतात आणि मुदत साधारण फेब्रुवारीत संपते. अर्ज भरला की काम झालं असं नाही. सदस्याच्या कार्यालयातल्या बजेट बघणाऱ्या माणसाला केंद्रात बोलवा, वर्ग चालू असताना बोलवा.

अर्जातलं ‘उद्दिष्ट’ हे एक वाक्य फार जपून लिहा, कारण पुढे काँट्रॅक्टमध्ये तेच उतरतं. ‘ज्येष्ठांसाठी योगवर्ग’ लिहिलं तर शिक्षकाचं मानधन निघेल, पण त्याच ज्येष्ठांना घरून आणण्याच्या गाडीचं भाडं निघणार नाही. ‘परिसरातल्या ज्येष्ठांसाठी आरोग्य, करमणूक आणि त्यासाठी लागणारी मदत’ लिहिलं तर दोन्ही बसतं. नंतर उद्दिष्ट बदलायचं तर कौन्सिलच्या ठरावाची वाट बघावी लागते आणि त्यात महिने जातात.

जूनअखेर बजेट मंजूर झालं, यादीत तुमचं नाव आलं, म्हणजे पैसे आले असं नाही. यादीनंतर छाननी, मग एखाद्या खात्याशी काँट्रॅक्ट, मग शहराच्या कंट्रोलरकडे, म्हणजे हिशेब तपासणाऱ्या अधिकाऱ्याकडे, त्या काँट्रॅक्टची नोंदणी, मग बिल. ५,००० डॉलरच्या रकमेलाही बरीचशी तीच वाट चालावी लागते. म्हणून चार सदस्यांकडून तुकडे मागण्यापेक्षा ज्यांच्या मतदारसंघातली माणसं खरंच तुमच्याकडे येतात अशा एका-दोघांकडे मोठी रक्कम मागणं शहाणपणाचं. संस्थेला करमुक्ती मिळाली नसेल तर दुसऱ्या पात्र संस्थेमार्फत, म्हणजे फिस्कल कंड्युइट वापरून, अर्ज करता येतो.

आरएफपी: दर आधी तपासा

नव्या सेवेचा आरएफपी निघण्याआधी खातं कन्सेप्ट पेपर, म्हणजे त्या सेवेचा कच्चा आराखडा, काढतं आणि सिटी रेकॉर्ड या शहराच्या राजपत्रात सूचना येते. बहुतेक संस्था आरएफपीची वाट बघतात, पण मुलामागे किती डॉलर हा आकडा कन्सेप्ट पेपरमध्येच आकार घेत असतो. तेव्हाच लेखी कळवा की या दरात काम होत नाही, आणि सोबत स्वतःचा हिशेब जोडा.

हिशेब असा मांडा. नऊ वर्षांपर्यंतची १०० मुलं, आणि राज्याच्या नियमाप्रमाणे १० मुलांमागे एक मोठं माणूस. म्हणजे १० ग्रुप लीडर, रोज ३ तास, आठवड्याला ५ दिवस, ३६ आठवडे: ५,४०० तास. तासाला २० डॉलर धरले तर १,०८,०००. बरेच प्रस्ताव इथेच थांबतात. मुलं येण्याआधीचा तयारीचा अर्धा तास धरला तर आणखी ९०० तास, म्हणजे १८,००० डॉलर. एकूण १,२६,००० वर मालकाच्या वाट्याचा ७.६५ टक्के सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअरचा कर: ९,६३९. त्यावर बेकारी विमा आणि कामगार नुकसानभरपाई विमा. अजून संचालक, जागा, साहित्य, खाऊ यांतलं काहीच आलेलं नाही. दर यात बसत नसेल तर उरलेला पैसा कुठून येणार हे संचालक मंडळाने प्रस्तावावर सही करण्याआधी ठरवावं. तुटीचं काँट्रॅक्ट घेणं हा कधी कधी योग्य निर्णय असतो, पण तो न कळत घेतलेला नसावा.

कामाला माणसं लावताना पार्श्वभूमी तपासणी आणि बोटांचे ठसे यांत आठवडे जातात. मंजुरी आली नाही तर माणूस मुलांसोबत एकटा राहू शकत नाही, पट भरत नाही आणि बिल कमी होतं. निवडपत्र हातात पडलं की त्याच दिवशी ही प्रक्रिया सुरू करा.

समाईक खर्चाची वाटणी

काँट्रॅक्ट अनेक झाली की घरभाडं, वीज, हिशेबनीस आणि संचालकाचा पगार कोणी किती उचलायचा हा प्रश्न येतो. याचं लेखी धोरण हवं, मंडळाने मंजूर केलेलं आणि वर्षभर तेच पाळलेलं.

समजा महिन्याचं भाडं २०,००० डॉलर, जागा १०,००० चौरस फूट. बालवर्गांची जागा ४,००० फूट, म्हणजे ४० टक्के, ८,००० डॉलर. इथपर्यंत सोपं. आता २,००० फुटांचं व्यायामगृह घ्या. त्याचा वाटा ४,००० डॉलर, पण सकाळी ८ ते १२ तिथे ज्येष्ठ, ३ ते ६ मुलं, ६ ते ९ किशोरवयीन. एकूण वापर १० तासांचा. म्हणजे ज्येष्ठांच्या काँट्रॅक्टवर १,६००, मुलांच्या १,२००, किशोरांच्या १,२००. वापराचं वेळापत्रक भिंतीवर लावलेलं असतंच. त्याची तारखेसह प्रत दर तिमाहीला फाइलला लावा, तोच पुरावा.

पगाराची वाटणी टाइमशीटवरून करा. बजेटमध्ये ‘३० टक्के हेड स्टार्ट’ लिहिलं आहे म्हणून दर महिन्याला ३० टक्के लावणं संघराज्याच्या नियमात बसत नाही. प्रत्यक्ष केलेलं काम नोंदीत दिसलं पाहिजे आणि फरक असेल तर दुरुस्त झाला पाहिजे. एकच पावती दोन काँट्रॅक्टांवर जाणं हा सगळ्यात गंभीर दोष. आलेल्या प्रत्येक बिलावर कार्यक्रमाचा कोड आणि टक्केवारी तिथल्या तिथे लिहायची सवय लावली की तो टळतो.

अप्रत्यक्ष खर्चासाठी, म्हणजे कोणत्याही एका कार्यक्रमाचा नसलेल्या कार्यालयीन खर्चासाठी, संघराज्याचा वाटाघाटीशिवाय मिळणारा दर ऑक्टोबर २०२४ पासून १० वरून १५ टक्के झाला आहे. तो सगळ्या खर्चावर लागत नाही. भाडं, यंत्रसामग्री, बांधकाम आणि प्रत्येक उपअनुदानातला ५०,००० च्या पुढचा भाग वगळायचा असतो. थेट खर्च ५ लाख, त्यात ९६,००० भाडं आणि १४,००० यंत्रसामग्री असेल तर आधार ३,९०,००० आणि रक्कम ५८,५००, ७५,००० नव्हे. शहराच्या काँट्रॅक्टांसाठी शहराचं वेगळं मॅन्युअल आहे, आणि खरा खर्च जास्त असेल तर स्वतंत्र सीपीएकडून दर तपासून तो मागता येतो. सीपीएच्या फीचा विचार करून हे टाळणाऱ्या संस्था वर्षानुवर्षं स्वतःच्या खिशातून भरत राहतात.

रोख कुठून आणायची

हा भाग मंडळाला तोंडपाठ हवा. काँट्रॅक्ट वर्षाला ६ लाखांचं, म्हणजे महिन्याला ५०,०००. काम १ जुलैला सुरू. कागद ऑक्टोबरमध्ये पूर्ण होऊन कंट्रोलरकडे गेले. नोंदणीसाठी शहराच्या चार्टरप्रमाणे त्यांना ३० दिवस मिळतात, आणि पॅकेज परत आलं तर पुन्हा सादर केल्यावर नव्याने ३० दिवस. नोंदणी झाल्याशिवाय शहर एक डॉलरही देत नाही. नोव्हेंबरमध्ये नोंदणी, मग बजेटची मंजुरी, मग बिल, आणि डिसेंबरमध्ये पहिला पैसा. तोवर पाच महिन्यांचे अडीच लाख तुम्ही पुढे घातलेले असतात. अशी चार काँट्रॅक्टं असतील तर १० लाख.

यावर उपाय आहेत. नोंदणीनंतर आगाऊ रक्कम मिळते. ती किती आणि कोणत्या महिन्यापासून बिलांतून कापली जाणार हे काँट्रॅक्टमध्ये बघून रोखीच्या तक्त्यात मांडा, कारण वर्षाच्या उत्तरार्धात बिलं त्यामुळे बारीक होतात. नोंदणी रखडली असेल तर शहराचा रिटर्नेबल ग्रँट फंड बिनव्याजी रक्कम देतो. तो फंड फॉर द सिटी ऑफ न्यू यॉर्क ही संस्था चालवते, आणि अर्जाला संबंधित खात्याचा दुजोरा लागतो. पगार चुकण्याच्या आदल्या दिवशी अर्ज करून उपयोग नाही, किमान महिनाभर आधी हालचाल करा. तिसरा मार्ग बँकेची क्रेडिट लाइन. ती गरज नसताना मंजूर करून ठेवा, गरज पडली तेव्हा बँक हात आखडते. रोजचा खर्च भागवायला काढलेल्या कर्जाचं व्याज संघराज्याच्या अनुदानावर लावता येत नाही. त्यासाठी दात्यांकडून आलेला, कशालाही न बांधलेला पैसा राखून ठेवावा लागतो.

दर महिन्याची बिलं पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत टाका. आणि जानेवारीत प्रत्येक काँट्रॅक्टची शिल्लक बघा. ६०,००० डॉलरची जागा तीन महिने रिकामी राहिली तर १५,००० पगाराचे आणि त्यावरचे भत्ते पडून आहेत. बजेट मॉडिफिकेशन फेब्रुवारी-मार्चमध्ये मागितलं तर ते पैसे साहित्याकडे किंवा जादा तासांकडे वळवता येतात. जूनमध्ये मागितलं तर मंजुरी येईपर्यंत वर्ष संपतं आणि उरलेली रक्कम शहराकडेच राहते.

वर्षभरात संघराज्याचे १० लाख डॉलर किंवा जास्त खर्च झाले तर सिंगल ऑडिट, म्हणजे संघराज्याच्या पैशाची खास तपासणी, लागतं. १ ऑक्टोबर २०२४ ला किंवा त्यानंतर सुरू होणाऱ्या वर्षांसाठी ही मर्यादा आहे, त्याआधी साडेसात लाख होती. शहर किंवा राज्याच्या हातून आलेला संघराज्याचा पैसाही यात मोजतात. काँट्रॅक्टमध्ये असिस्टन्स लिस्टिंग नंबर, म्हणजे संघराज्याच्या कार्यक्रमाचा क्रमांक, दिसला की तो भाग वेगळ्या रकान्यात टाका. ऑडिट रिपोर्ट वर्ष संपल्यापासून नऊ महिन्यांत, किंवा ऑडिटरकडून हातात आल्यापासून ३० दिवसांत, यातलं जे आधी येईल तेव्हा सादर करायचा.

बजेटच्या सुनावणीत बोलणं

५०१(सी)(३) संस्थेला राजकारण वर्ज्य म्हणून बरेच संचालक गप्प बसतात. उमेदवाराला पाठिंबा देणं वर्ज्य आहे, बजेटवर बोलणं नाही. आयआरएसचा ५७६८ फॉर्म भरून ५०१(एच) चा पर्याय घेतला की लॉबिंगवर किती खर्च चालतो हे आकड्यात ठरतं: कार्यावरच्या पहिल्या ५ लाख डॉलर खर्चाच्या २० टक्के, पुढे उतरत्या दराने. संघराज्याच्या अनुदानातून मात्र लॉबिंगचा खर्च करायचा नाही. वर्षाचा लॉबिंग खर्च ५,००० डॉलरच्या वर गेला तर शहराच्या क्लार्ककडे नोंदणी लागते का ते वकिलाकडून तपासून घ्या.

मेयरचं प्राथमिक बजेट जानेवारीत येतं, कौन्सिलच्या सुनावण्या मार्चमध्ये, मेयरच्या सुधारित म्हणजे एक्झिक्युटिव्ह बजेटनंतरच्या सुनावण्या मे महिन्यात. बोलायला दोन-तीन मिनिटं मिळतात. त्यात संस्थेचा इतिहास सांगू नका. कोणत्या कार्यक्रमाची कोणती ओळ, यंदा किती, किती हवे, आणि ते न मिळाल्यास कोणता वर्ग कोणत्या महिन्यात बंद होईल, एवढंच. शक्य असेल तर एखाद्या पालकांना सोबत न्या आणि दुभाष्याची मागणी आधी नोंदवा. लेखी निवेदन सुनावणीनंतर ७२ तासांपर्यंत देता येतं. त्याला वरचा दरांचा हिशेब जोडा आणि तीच प्रत त्याच आठवड्यात तुमच्या सदस्याच्या कार्यालयात आणि खात्यातल्या प्रोग्रॅम मॅनेजरकडे पाठवा.